कुंपणातला रहिवासी

(पक्षी सप्ताहानिमित्त विद्यालयाच्या विज्ञान मंडळापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



महाराष्ट्रात २०२० सालापासून ५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. ५ नोव्हेंबर हा अरण्यलेखक मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा डॉ. सालिम अली यांचा. या दोन तारखांमधल्या आठवड्यात विद्यार्थ्यांपुढे पक्ष्यांविषयी चार शब्द बोलावेत, अशी मुख्याध्यापकांनी आज्ञा केली. विषयाची निवड मात्र त्यांनी माझ्यावर सोपवली. मी प्राणिशास्त्राचा पदवीधर नाही. भूगोल आणि मराठी शिकवणारा बी.ए., बी.एड. शिक्षक आहे. तेव्हा माझे बोलणे प्रयोगशाळेतले नसेल, कुंपणाजवळ उभे राहून ऐकलेले आणि पुस्तकांशी ताडून पाहिलेले असेल, हे आधीच सांगून ठेवतो.

पक्ष्यांवर बोलायचे म्हटले की मोर, पोपट, गरुड, सुगरण ही नावे आपसूक पुढे येतात. त्यांच्याविषयी आपण सर्वजण थोडेफार जाणतो. आज मी ज्या पक्ष्याविषयी बोलणार आहे, तो या सभागृहातील बहुतेकांनी पाहिलेला नसेल. त्याचा आवाज मात्र येथे बसलेल्या प्रत्येकाने ऐकलेला आहे. या क्षणीही तो आपल्या मैदानापलीकडच्या गडग्यालगतच्या झुडपांत बहुधा असेल. करवंदीच्या जाळीतून, घाणेरीच्या झुडपातून, निर्गुंडीच्या वईतून थोड्या थोड्या वेळाने 'चक्... चक्...' असा कोरडा आवाज येतो. दोन लहान गोटे एकमेकांवर हलकेच आपटावेत किंवा जिभेने टाळूवर 'चक्' करावे, तसा. तो आवाज काढणाऱ्या पक्ष्याचे नाव ब्लिथचा बोरू-वटवट्या.

नाव ऐकून काही मुले हसली, ते बरे झाले. वटवट्या म्हणजे सतत वटवट करणारा. इंग्रजीत ज्यांना वॉर्बलर म्हणतात त्या लहान, चुळबुळ्या, कीटक खाणाऱ्या पक्ष्यांना मराठीत वटवट्या हे नाव रूढ झाले आहे. बोरू म्हणजे पाणथळीत वाढणारे वेतासारखे उंच गवत. आपल्या वाडवडिलांनी ज्या लेखणीने अक्षरे गिरवली, कातिब ज्या कलमाने किताबत करीत, ती याच बोरूची. आणि ब्लिथ हे एका माणसाचे नाव. त्या माणसाची हकिकत थोडक्यात सांगण्याजोगी आहे.

एडवर्ड ब्लिथ हा १८१० साली लंडनमध्ये जन्मलेला गृहस्थ. १८४१ साली तो कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचा अभिरक्षक म्हणून हिंदुस्थानात आला आणि १८६२ पर्यंत त्याने तेथे काम केले. या वीस-एकवीस वर्षांत आपल्या देशातील कितीतरी पक्षी व प्राणी त्याने प्रथम शास्त्रीय पद्धतीने वर्णिले. चार्ल्स डार्विन त्याच्याशी पत्रव्यवहार करून माहिती मिळवीत असे आणि आपल्या ग्रंथात त्याचा आदराने उल्लेख करी. आपल्या आजच्या पक्ष्याला ब्लिथने १८४९ साली शास्त्रीय नाव दिले, ॲक्रोसेफॅलस ड्युमेटोरम. यातला दुसरा शब्द लॅटिन आहे. त्याचा अर्थ 'झुडपांच्या जाळ्यांमधला'.

आता गंमत पाहा. इंग्रजी नाव सांगते की हा बोरूतला पक्षी. लॅटिन नाव सांगते की हा झुडपातला. मग खरे कोणते? ब्लिथचे लॅटिन नाव खरे आहे. या पक्ष्याचे बरेचसे भाऊबंद पाणथळीतल्या बोरूत राहतात. त्या कुळाचे नाव यालाही चिकटले. हा स्वतः मात्र बोरूच्या बेटात क्वचितच राहतो. आडनाव सावकार असलेल्या माणसाच्या घरी पैसा असेलच असे नाही, त्यातलाच हा प्रकार. म्हणून पहिली गोष्ट ध्यानात ठेवा. हा पक्षी शोधायला तळ्याकाठच्या गवतात जाऊ नका, घराच्या कुंपणाशी जा.

आता त्याला ओळखायचे कसे, या मुख्य मुद्द्याकडे वळू.

हा पक्षी चिमणीपेक्षा थोडा लहान आणि तिच्याहून सडपातळ. चोचीच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत लांबी तेरा-चौदा सेंटिमीटर. वजन साधारण दहा ते बारा ग्रॅम, म्हणजे हल्लीच्या रुपयाच्या तीन-चार नाण्यांएवढे. पाठीचा रंग राखट तपकिरी, त्यात किंचित हिरवट झाक. पोट मळकट पांढरे, गळा जरा अधिक पांढरा. अंगावर रेघा नाहीत, ठिपके नाहीत, पंखावर पट्टा नाही. नर-मादी सारखीच. डोळ्यावर एक अस्पष्ट फिकट भुवई असते. ती चोचीपासून डोळ्यापर्यंत बरी दिसते आणि डोळ्यामागे लगेच विरून जाते. चोच शरीराच्या मानाने लांब, कपाळ चपटे, शेपटीचे टोक गोलसर.

आता तुम्ही म्हणाल, सर, यात ओळखण्यासारखे काय आहे? रंग मातकट, खूण एकही नाही. तुमचे म्हणणे बरोबर आहे. रंगावरून ओळखायचे ठरवले तर हा पक्षी हाती लागत नाही. या वटवट्यांच्या कुळाने मोठमोठ्या पक्षिशास्त्रज्ञांना घाम फोडला आहे. परंतु ओळखण्याचे रंगाखेरीज आणखी चार मार्ग आहेत: ऋतू, जागा, वागणूक आणि आवाज. हे चारही मार्ग दुर्बिणीशिवाय वापरता येतात, म्हणूनच मी हा पक्षी तुमच्यासाठी निवडला.

प्रथम आवाज. वर्गात हजेरी घेताना शिक्षकाची नजर हजेरीपटावर असते. नाव पुकारले की 'हजर' असा आवाज येतो आणि मान वर न करताच शिक्षकाला कळते की हा अमुक मुलगा. एखाद्याने दुसऱ्याच्या नावाला 'हजर' म्हटले, तर तेही कळते, हे मागच्या बाकांवरील मंडळींनी लक्षात ठेवावे. पक्ष्यांचे असेच आहे. इंग्लंडमध्ये सेलबोर्न नावाच्या खेड्यात गिल्बर्ट व्हाइट नावाचे एक धर्मोपदेशक होते. त्यांच्या गावात हिरवट रंगाचे तीन प्रकारचे वटवटे येत. दिसायला इतके सारखे की सगळे लोक त्यांना एकच पक्षी समजत. व्हाइट यांनी त्यांची गाणी लक्षपूर्वक ऐकली आणि १७६८ साली एका पत्रात लिहून कळवले की हे तीन निरनिराळे पक्षी आहेत. पुढे १७८९ साली ती पत्रे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली आणि आजही वाचली जातात. व्हाइट यांच्याजवळ आजच्यासारखी साधने नव्हती. त्यांच्याजवळ दोन कान, एक वही आणि एकाच गावात वर्षानुवर्षे लक्ष देण्याची चिकाटी होती.

आपल्या पक्ष्याचा 'चक्' हा आवाज एकेकटा, थांबून थांबून येतो. त्रास झाला, मांजर किंवा साप जवळ आला, की 'चर्रर्र' असा घासल्यासारखा सूरही तो काढतो. पण येथे सावध राहिले पाहिजे. नुसत्या एका 'चक्'वर निकाल देऊ नये. या कुळातले आणखी काही पक्षी मिळताजुळता आवाज काढतात. आवाज हा पहिला पुरावा समजावा. त्याला बाकीच्या पुराव्यांची जोड द्यावी.

दुसरा पुरावा जागेचा. जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीपासून ते डोक्यावर दोन-तीन हातांपर्यंत, दाट झुडपाच्या आतल्या फांद्यांवर याचा वावर असतो. मेंदीचे कुंपण, करवंदीची जाळी, घाणेरी, रानमोडी, आंब्याच्या बागेतील रायवळ वाढ, पाणंदीच्या दोन्ही बाजूंची वई, या त्याच्या आवडत्या जागा. क्वचित झाडावरही चढतो, पण शेंड्यावर रमत नाही.

तिसरा पुरावा वागणुकीचा. हा उघड्यावर येऊन बसत नाही. झुडपाच्या पोटात एका फांदीवरून दुसरीवर सरकत, पानांच्या खालची बाजू तपासत, अळ्या, कोळी आणि लहान कीटक टिपत जातो. फांदीवर बसला की पुष्कळदा चोच आणि शेपटी दोन्ही किंचित वर उचलतो, त्यामुळे अंगाला केळ्यासारखा बाक येतो. थवा करून राहत नाही. एका जाळीत एकच असतो आणि दुसरा आला तर त्याला पिटाळून लावतो. म्हणून एकाच झुडपातून रोज तोच आवाज येत असेल, तर रोज तोच पक्षी असण्याचा संभव बराच असतो.

चौथा पुरावा ऋतूचा, आणि भूगोलाच्या शिक्षकाला तो सर्वांत प्रिय. हा पक्षी आपल्याकडे सप्टेंबरपासून यायला लागतो आणि एप्रिल सरता सरता निघून जातो. जून-जुलैच्या पावसात तुम्हाला झुडपात मातकट लहान पक्षी दिसला, तर तो हा नव्हे, हे न पाहताच सांगता येते.

आता याच्याशी गोंधळ होऊ शकेल अशा दोन-चार शेजाऱ्यांची ओळख करून देतो. पहिला आपला शिंपी. तो बारमाही आहे, पाठ हिरवी, डोक्यावर विटकरी टोपी, शेपटी ताठ उभी आणि आवाज एवढा मोठा की अंगापेक्षा गळाच मोठा असावा असे वाटते. दुसरा राखी वटवट्या. त्याची शेपटी लांब, डोके व पाठ राखाडी, पोट तांबूस, आणि तोही बारमाही. तिसरा हिरवट पर्णवटवट्या. हा आपल्या पक्ष्यासारखाच हिवाळी, पण आकाराने लहान, रंगाने हिरवट, भुवई लांब व ठळक, आणि राहतो झाडांच्या पानोऱ्यात, उंचावर. म्हणजे झाड एकच असले तरी वरच्या मजल्यावर तो आणि तळमजल्यावर आपला. चौथा भाताळ वटवट्या. हा खरोखरच गवतात, उसात, बोरूत राहतो आणि त्याची भुवई डोळ्यामागेही स्पष्ट दिसते. पाचवा मोठा बोरू-वटवट्या. तो जवळजवळ बुलबुलाएवढा असतो, आवाज कर्कश, आणि पाणथळ सोडून फारसा बाहेर येत नाही. जाड चोचीचा वटवट्याही हिवाळ्यात आपल्या सह्याद्रीच्या बाजूला येतो आणि 'चक्' म्हणतो, पण तो आकाराने बराच मोठा आणि त्याला भुवईच नसते.

इतके ध्यानात राहिले तरी पुष्कळ झाले. ऋतू, जागा, वागणूक, आवाज आणि शेवटी रंगरूप, या क्रमाने गेलात तर शंभरातल्या बहुतेक वेळा तुमचे उत्तर बरोबर येईल. आणि उरलेल्या वेळी वहीत 'वटवट्या, जात नक्की नाही' असे लिहावे. तसे लिहिण्यात कमीपणा नाही. चुकीचे नाव लिहिण्यापेक्षा ती नोंद अधिक मोलाची असते.

आता हा पक्षी येतो कोठून आणि जातो कोठे, ते पाहू. नकाशा डोळ्यांपुढे आणा. फिनलंड, एस्टोनियापासून रशियाच्या विस्तीर्ण प्रदेशातून पूर्वेस सायबेरियाच्या मध्यापर्यंत, आणि दक्षिणेस कझाकस्तान व अफगाणिस्तानच्या डोंगराळ भागापर्यंत, हा त्याचा विणीचा मुलूख. तेथेही तो बोरूत राहत नाही. जंगलाच्या कडेला, पडीक शेतात, ओढ्याकाठच्या ओलसर झुडपांत, खाजकुयलीसारख्या अंगाला खाज आणणाऱ्या उंच वनस्पतींच्या गर्दीत तो जमिनीलगत वाटीसारखे घरटे बांधतो. चार ते सहा अंडी घालतो. अंडी उबायला बारा-चौदा दिवस आणि पिले घरट्याबाहेर पडायला जवळजवळ तेवढेच दिवस लागतात.

येथे फक्त 'चक्' म्हणणारा हा अबोल पक्षी तेथे रात्र-रात्र गातो. त्याचे गाणे संथ असते. एकच तुकडा पाच-सहा वेळा घोळवतो, मग पुढला घेतो. मधूनमधून इतर पक्ष्यांच्या आवाजांच्या हुबेहूब नकलाही त्यात गुंफतो. आपल्याकडेही मार्च-एप्रिलमध्ये, निघण्याच्या दिवसांत, पहाटे कान देऊन ऐकले तर त्या गाण्याची सुरुवात झुडपातून कधीकधी ऐकू येते. परीक्षेचे दिवस असतात, पहाटे अभ्यासाला उठताच, तेव्हा खिडकी उघडी ठेवून ऐका.

वर्गात एका मुलाने मला विचारले होते, "सर, एवढासा पक्षी एवढ्या लांबून येतोच कशाला?" प्रश्न चांगला आहे. कारण दोन शब्दांत सांगायचे तर अन्न आणि दिवस. जून महिन्यात फिनलंडच्या दक्षिण भागात दिवस एकोणीस तासांच्या आसपास असतो. आपल्याकडे सर्वांत मोठा दिवसही तेरा तासांच्या आसपास. एकोणीस तास उजेड आणि हवेत कीटकांची रेलचेल, यामुळे पिलांना भरवायला आईबापांना भरपूर वेळ मिळतो. पण हे वैभव टिकते किती? ऑगस्ट उजाडला की रात्री जाणवण्याइतक्या वाढलेल्या असतात, थंडी येते, पुढे बर्फ पडते. कीटक दिसेनासे होतात. जो पक्षी केवळ कीटकांवर जगतो, त्याला तेथे राहणे म्हणजे उपासमार. म्हणून तो निघतो. प्रवास बहुतांशी रात्रीचा. मध्य आशिया, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडून तो भारतात पसरतो आणि थेट श्रीलंकेपर्यंत जातो. आपल्या कोकणापासून फिनलंड सरळ रेषेत सहा हजार किलोमीटरच्या आसपास आहे. तीन-चार नाण्यांच्या वजनाचा जीव हे अंतर वर्षातून दोनदा कापतो.

याहून मला नवलाची वाटते ती दुसरी गोष्ट. पक्ष्यांची पिसे झिजतात आणि ती वर्षातून एकदा तरी बदलावी लागतात. या पक्ष्याच्या पंखांतील उड्डाणाच्या मोठ्या पिसांचा बदल विणीच्या मुलखात होत नाही, तो हिवाळी मुक्कामात होतो. याचा अर्थ समजून घ्या. ज्या पंखांनी हा पक्षी एप्रिलमध्ये सायबेरियाकडे झेपावतो, ते पंख भारतातल्या झुडपांतल्या अळ्यांवर आणि कोळ्यांवर पोसलेले असतात.

आता हिशेब मांडू. विणीच्या मुलखात हा पक्षी मेअखेर किंवा जूनमध्ये पोहोचतो आणि बहुतेक जुलैअखेर ते ऑगस्टमध्ये निघतो. म्हणजे जेमतेम अडीच-तीन महिने. प्रवासाचे दिवस बाजूला काढले तर उरलेले सात-आठ महिने तो आपल्याकडे असतो. आपण त्याला 'परदेशी पाहुणा' म्हणतो. जो सात महिने घरी राहतो त्याला पाहुणा म्हणत नाहीत. तुमच्यापैकी कित्येकांचे अब्बा, चाचा, मामू कुवेत, कतार, दुबईला नोकरीनिमित्त असतात. ते कोठे का असेनात, त्यांचे घर कोठे, असे विचारले तर तुम्ही आपल्या गावाचे नाव सांगता. या पक्ष्याला तर दोन घरे आहेत. एकात पिले वाढतात, दुसऱ्यात तो स्वतः वाढतो. दोन्हींपैकी एक जरी मोडले तरी दुसऱ्याचा उपयोग राहत नाही.

आणि आपल्याकडचे घर आपण कसे सांभाळतो, हा माझ्या बोलण्याचा शेवटचा आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग आहे.

पाऊस ओसरला की सप्टेंबर-ऑक्टोबरात आपल्याकडे बेणणी सुरू होते. आंबा-काजूच्या बागा साफ होतात, गडग्यालगतची झाडी तोडली जाते, पाणंदी मोकळ्या होतात. नेमक्या त्याच दिवसांत हा पक्षी हजारो किलोमीटर उडून, थकून, झुडूप शोधत येथे उतरत असतो. पूर्वी बेणणी कोयत्याने होई. कोयता जेवढे कापी तेवढेच कापले जाई, कोपरे-कापरे शिल्लक राहत. आता यंत्राने होते, तणनाशकाने होते. गडगा पाडून चिऱ्यांची किंवा सिमेंटची भिंत उभी राहते आणि वई जाऊन तारेचे कुंपण येते. फेब्रुवारीपासून वणवे लागतात, त्यांत उरलेली जाळी जळते. यातले कोणी दुष्टपणाने करीत नाही. बाग स्वच्छ असावी, आग लागू नये, वाट मोकळी असावी, अशीच इच्छा असते. परंतु झुडूप म्हणजे कचरा, हा समज मात्र आपण तपासून पाहिला पाहिजे.

काही पालकांच्या मनात प्रश्न येईल की झुडपे ठेवली तर साप येतील, डास होतील, मुलांना धोका होईल. ही काळजी रास्त आहे. म्हणून माझे म्हणणे मर्यादित आहे. इमारतीभोवती, मैदानावर, स्वच्छतागृहाच्या वाटेवर साफसफाई हवीच. फक्त आवाराच्या लांबच्या टोकाला, गडग्याच्या कडेने, चार-पाच हात रुंदीची एक पट्टी आपण राखावी. तेथे बेणणी करायचीच असेल तर एका वर्षी एक बाजू, दुसऱ्या वर्षी दुसरी, अशी आलटून-पालटून करावी. तणनाशक मारू नये. बागायतदार पालकांना हीच विनंती. बागेचे चारही कोपरे चकचकीत करू नका. एक कोपरा, एक कड, वईची एक बाजू सोडा. त्या मोबदल्यात हा पक्षी आंब्यावरचे तुडतुडे संपवील, असे खोटे आश्वासन मी देणार नाही. तो कीटक खातो एवढे खरे. पण प्रत्येक जीवाकडून भाडे वसूल केलेच पाहिजे असे नाही.

कोणी म्हणेल, हा पक्षी काही दुर्मीळ नाही, त्याची एवढी चिंता कशाला? खरेच, तो दुर्मीळ नाही. जगातील संकटग्रस्त पक्ष्यांच्या यादीत त्याचे नाव नाही, आणि विसाव्या शतकात तर त्याचा विणीचा मुलूख युरोपात पश्चिमेकडे वाढला. ही आनंदाची गोष्ट आहे. पण दुर्मीळ झाल्यावर सांभाळायला लाखो रुपये लागतात आणि तरी यश येईलच असे नसते. विपुल आहे तोवर सांभाळायला फक्त एक कोपरा पुरतो.

विद्यार्थी मित्रहो, सालिम अलींचे नाव मी सुरुवातीस घेतले. त्यांचे भारतीय पक्ष्यांवरचे सुप्रसिद्ध पुस्तक १९४१ साली निघाले आणि आजही पक्षी पाहणाऱ्यांच्या हाती असते. पण त्याआधीची एक गोष्ट आपल्या कोकणातली आहे. त्यांची नोकरी गेली होती आणि ते अलिबागजवळच्या किहीम गावी राहत होते. घराजवळ सुगरणींची वसाहत होती. १९३० च्या पावसाळ्यात त्यांनी ती दिवसेंदिवस निरखली आणि नर सुगरण घरटी कशी बांधतो, एकामागून एक माद्या कशा येतात, याचा उलगडा केला. सुगरण काही कोणाला नवी नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या लोक तिची घरटी पाहत होते. बसून, मोजून, लिहून ठेवण्याचे काम मात्र सालिम अलींनी केले. त्यासाठी त्यांना किहीमबाहेर जावे लागले नाही.

आपणही एक लहान काम करू या. विज्ञान मंडळाच्या वतीने एक नोंदवही ठेवू. सप्टेंबर लागला की गडग्याजवळून येताजाताना कान द्यायचा. पहिला 'चक्' कोणी ऐकला, कोणत्या तारखेला, कोणत्या झुडपातून, हे वहीत लिहायचे. एप्रिलमध्ये शेवटचा कधी ऐकला, तेही लिहायचे. मोबाइलवर आवाज टिपता आला तर टिपावा, पण तो आवाज पुन्हा पुन्हा वाजवून पक्ष्याला छळू नये. झुडपात शिरू नये, दगड मारून त्याला बाहेर काढू नये. पाच मिनिटे शांत उभे राहिलात तर तो आपण होऊन कडेला येतो. पाचवीतल्या मुलाने आज नोंद सुरू केली तर दहावी संपेपर्यंत त्याच्याजवळ सहा वर्षांच्या तारखा जमतील. पाऊस लांबला त्या वर्षी पक्षी उशिरा आला का, पट्टी राखल्यावर 'चक्'ची झुडपे वाढली का, या प्रश्नांची उत्तरे पाठ्यपुस्तकात मिळणार नाहीत. ती आपल्या वहीत मिळतील.

संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना माझी नम्र विनंती आहे की यंदाची आवारातील साफसफाई करताना मैदानापलीकडची गडग्याची बाजू शिल्लक ठेवण्याविषयी कामगारांना सूचना द्यावी. यासाठी खर्च काही नाही. उलट थोडी मजुरी वाचेल. संस्था शिक्षणासाठी इमारती बांधते, वर्गखोल्या वाढवते, याबद्दल आम्हा शिक्षकांना कृतज्ञता आहेच. ती गडग्याची कडही एक वर्गखोलीच आहे, असे समजून तिला जागा द्यावी.

सभा संपल्यावर मधल्या सुट्टीत ज्यांना इच्छा असेल त्यांनी माझ्याबरोबर गडग्यापर्यंत यावे. मोठ्याने बोलायचे नाही, एवढीच अट.